घरबांधणीच्या सामानाची बेगमी

घर बांधू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनी प्रथम पावसाळ्याचा हिशेब करावा. विटांच्या भट्ट्या दिवाळीनंतर लागतात व मृगापूर्वी विझतात. नदीतील वाळूचा उपसाही पावसाळ्यात बंद असतो. आम्ही महसूल खात्यात वाळूचे परवाने लिहिण्यात उमर घालविली, तरी स्वतःच्या घराची वाळू मागविण्यास ज्येष्ठ उजाडला! भिंती उभ्या, वर स्लॅब नाही. कुटुंब ४ महिने गोठ्यात राहिले. सबब विटा, वाळू, खडी वैशाखापूर्वीच आवारात आणून टाकावी. इसार दिला म्हणजे माल आला, असे समजू नये. चौकटींचे लाकूड त्याहूनही आधी चिरून सावलीत वाळवावे. सिमेंटाची मात्र अशी साठवण करू नये. ३ महिन्यांत त्याचा जोर सुमारे २० टक्के उतरतो. लागेल तसे आणून फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर रचावे.