जुन्या गाडीला डिस्क बसवू का?

प्रश्न : माझी स्प्लेंडर पंधरा वर्षं जुनी आहे. ब्रेक कमी लागतात. पुढे डिस्क बसवून घेऊ का? खर्च बेताचाच करायचा आहे.

उत्तर : इतक्यात नको. हाच १३० मिमीचा ड्रम गाडी नवी असताना पुरेसा लागत होता. आता लागत नसेल तर दोष बहुधा झिजेचा. गॅरेजमध्ये नट आवळून देतात, त्याने लिव्हरचा प्ले जातो, जोर परत येत नाही. लायनर झिजला की कॅम जास्त फिरतो, ब्रेक प्लेटवरचा आर्म केबलशी काटकोनात राहत नाही आणि हाताची ताकद वाया जाते. म्हणून लायनर आणि केबल बदला, कॅमला किंचित ग्रीस द्या, ड्रम मर्यादेपलीकडे झिजलेला नाही ना हे मोजून घ्या. चाक चढवताना अ‍ॅक्सलचा नट ढिला ठेवा, चाक फिरवून ब्रेक दाबून धरा आणि मगच आवळा. लायनर मधोमध बसतात. (जुनी धूळ फुंकू नका, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.) डिस्क सरस, हे कबूल. पण तिच्यासाठी हब, फोर्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर असं बरंच बदलावं लागतं; आणि टायर गुळगुळीत असेल तर ती चाक फक्त लवकर जाम करील. वाचलेले पैसे पुढच्या टायरला घाला.