निम्मे निगेटिव्ह यायलाच हवेत

खाद्यपदार्थांतले जिवाणू शोधणाऱ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढल्यावर व्हॅलिडेशनबद्दल माझी काही मतं पक्की झाली आहेत. नव्या मुलामुलींना ती ऐकवत असतेच, आता लिहूनही ठेवते.

१. सगळे नमुने पॉझिटिव्ह आले म्हणून खूश होऊ नका. नवं किट तपासायला दुधाच्या भुकटीत सढळ हाताने साल्मोनेला टाकला आणि वीसच्या वीस नमुने पॉझिटिव्ह आले, तर किटबद्दल काहीच कळलेलं नसतं. एवढे जिवाणू कुठलीही पद्धत पकडेल. कस लागतो तो काठावर, जिथे पाव ते पाऊण नमुनेच पॉझिटिव्ह येतात तिथे.

२. हा काठ म्हणजे २५ ग्रॅमच्या नमुन्यात सरासरी एखादाच जिवाणू, किंवा त्याहूनही कमी. "पाऊण जिवाणू कसा असेल, मॅडम?" असं कुणीतरी विचारतंच. अरे, सरासरी आहे ती! बुंदीचे लाडू वळताना बेदाणे कितीही नीट मिसळा, एखाद्या लाडवात दोन येतात, एखाद्यात एकही नाही. प्वासाँच्या सूत्रानुसार सरासरी १ असेल तर सुमारे ३७ टक्के नमुन्यांत एकही जिवाणू नसतो, ०.७ असेल तर जवळजवळ निम्मे रिकामे. म्हणजे ०.७ला निम्मे निगेटिव्ह आले, तर ती पद्धत एकुलता एक जिवाणूही सोडत नाहीये. ज्या पातळीवर निम्मे नमुने पॉझिटिव्ह येतात, तिला एलओडी-५० म्हणतात. या पातळीवर शंभर टक्के पॉझिटिव्ह दाखवणारा तक्ता कुणी पुढे केला, तर तो मी न वाचताच परत करते.

३. नव्या पद्धतीची तुलना संदर्भ पद्धतीशीच करायची. आयएसओ १६१४०च्या दुसऱ्या भागात त्यासाठी दोन एलओडी-५०चं गुणोत्तर काढतात. दोन्ही पद्धती एकाच एन्रिचमेंटमधून, म्हणजे माध्यमात वाढवलेल्या एकाच नमुन्यातून, पुढे नेल्या असतील तर मर्यादा १.५, वेगवेगळ्या पुड्यांवर केल्या असतील तर २.५. पुड्या वेगळ्या, की नशीबही वेगळं. म्हणून ही सूट.

४. लवंगेवर विश्वास ठेवू नका. एरवी २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर माध्यमात घालायचा, हा नेम. लवंग तशीच घातली तर तिच्यातलं युजेनॉल साल्मोनेलाला वाढूच देत नाही आणि दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह निकाल हातात. अमेरिकेच्या एफडीएच्या मॅन्युअलमध्ये दालचिनीसाठी १:१०० आणि लवंगेसाठी १:१००० असं प्रमाण दिलं आहे. म्हणजे २५ ग्रॅम लवंगेला २५ लिटर माध्यम! एका नमुन्यासाठी एवढं ऑटोक्लेव्ह करायचं म्हटलं की सगळ्यांचे चेहरे बघावेत. कांदा-लसणाच्या पुडीची तऱ्हा निराळी, तिथे माध्यमात पोटॅशियम सल्फाइट घालावं लागतं. आणि गरम मसाल्यात तर यातलं बरंच काही एकत्र. भुकटीवर सिद्ध झालेली पद्धत मसाल्याला आपोआप लागू होत नाही. आपल्याकडे येणारा मसाला आपणच स्पाइक करून, म्हणजे त्यात मुद्दाम जिवाणू टाकून, बघायचा. आयएसओ १६१४०च्या २०२१च्या तिसऱ्या भागातही प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःच्या पदार्थांवर पडताळणी करावी अशीच अपेक्षा आहे.

५. स्पाइक करताना ब्रॉथमधलं ताजं, तरतरीत कल्चर वापरू नका. कोरड्या पदार्थातला खरा जिवाणू आठवडेच्या आठवडे पाण्यावाचून पडलेला, अर्धमेला असतो. स्पाइकचं कल्चरही तसंच वाळवून, पदार्थात मुरवून मग तपासा.

६. शून्यालाही मर्यादा असते. साठ नमुन्यांत एकही पॉझिटिव्ह नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दूषित पुड्यांचं प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे. तीनला नमुन्यांच्या संख्येने भागा, साधारण हाच आकडा मिळतो. कोडेक्सने बाळांच्या दुधाच्या भुकटीसाठी साल्मोनेलाचे साठ नमुने सांगितले आहेत, तेव्हा कुठे एवढी खात्री. नमुने फार थोडे असले की हा भागाकार मात्र फसतो, तिथे नीट गणित करावं लागतं. पाचच नमुने घेऊन थांबलात आणि पाचही साफ निघाले, तर तीच मर्यादा ४५ टक्के येते.