पहिल्या घोटाचा निकाल

१९८५ च्या एप्रिलमध्ये कोका-कोला कंपनीने आपल्या ९९ वर्षं जुन्या पेयाची चव बदलली. त्याआधी जवळजवळ दोन लाख लोकांना नवी चव पाजून झाली होती आणि जुन्यापेक्षा नवीच जास्त जणांना आवडली होती. तरीही ती बाजारात येताच अमेरिकेत असा गदारोळ उठला की ७९ दिवसांत जुना कोक परत आणण्याची वेळ आली. गंमत म्हणजे ही नवी चव डाएट कोकवरूनच बेतलेली होती. कृत्रिम गोडीच्या जागी मक्याचा गोड पाक आला होता. जुन्या चवीवर लोकांचा जीव होता, हे या फजितीचं मोठं कारण. पण दुसरंही एक आहे आणि डाएट सोडा चाखायला बसणाऱ्याने ते ध्यानात ठेवावं. इवल्याशा कपातून घोटभर प्यायलं की जीभ जास्त गोड पेयाकडे झुकते. तेच पेय कॅनभर प्यायचं म्हटलं की गोडी अंगावर येते.

डाएट सोड्याचा पहिला घोट तर आणखी फसवा. साखरेची गोडी पटकन चढते, पटकन उतरते. अस्पार्टेमची जरा उशिरा येते आणि घोट गिळून झाला तरी जिभेवर रेंगाळते. ॲसेसल्फेम-के लगेच गोड लागतं, पण मागे कडसर, धातूसारखी चव ठेवून जातं. म्हणून अनेक कंपन्या दोन्ही एकत्र घालतात. एक सुरुवात सांभाळतं, दुसरं शेवट. स्टिव्हियाच्या गोडीत ज्येष्ठमधाची झाक असते. त्यामुळे घोट घेतल्या घेतल्या गुण देऊन मोकळं होऊ नये. गिळावं, अर्धा मिनिट गप्प बसावं आणि मग तोंडात काय उरलंय ते लिहून काढावं.

साखर नुसती गोडीच देत नाही, पेयाला जरा दाटपणाही देते. ३३० मिलिलिटरच्या साध्या कोकमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. अस्पार्टेम साखरेच्या दोनशेपट गोड आणि सुक्रालोज सहाशेपट, त्यामुळे डाएटच्या कॅनमध्ये ग्रॅमच्या लहानशा अंशावर भागतं. (बादलीभर पाण्यात दोन्ही कॅन सोडून पाहा: साधा बुडतो, डाएटचा बहुधा तरंगतो.) डाएट सोडा पाणचट लागतो ही तक्रार खोटी नाही, पण ती साऱ्यांनाच लागू आहे. तेवढ्यावरून एखाद्यालाच नापास करण्यात अर्थ नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका मराठी घरी रविवार दुपारची अशीच एक बैठक. कपांवर नुसते आकडे, ओतणारी पुतणी स्वयंपाकघरात, बाकीची मंडळी बाहेर. घरातले काका मधुमेही आणि कोलाचे जुने भक्त. त्यांनी एक कप नाकाशी नेला, "हा आपलाच!" म्हणाले आणि दहापैकी नऊ देऊन टाकले.

"काका, तुम्ही ठरवूनच बसलात!" आतून आवाज आला. कपात निघाला सुपरमार्केटच्या स्वतःच्या छापाचा स्वस्त कोला.

पुढे ब्लॅक चेरी आली आणि सगळ्यांनीच नाक मुरडलं. वास चेरीचा, पण चव नुसतीच आंबट, गोडीचा पत्ता नाही. कॅन उलटा केला तेव्हा तळावरची तारीख केव्हाच उलटून गेलेली दिसली. शिवाय तो उन्हाळाभर गॅरेजमध्ये पडून होता. त्याच छापाचा ताजा कॅन मागवला, तो थेट पहिल्या तिनांत गेला.

अस्पार्टेम आंबट द्रावात हळूहळू फुटतं आणि उष्णतेत जास्त वेगाने. फुटलं की गोडी गेली. साखरेच्या सोड्याचं असं होत नाही, म्हणून आपल्याला तारीख बघायची सवय नसते. नागपूरच्या मे महिन्यात दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या क्रेटमधली डाएट सोड्याची बाटली घेऊन तिच्या चवीवर मत देणं म्हणजे त्या पेयावर अन्यायच.

तारीख ठीक असली तरी सगळ्यांचं एकमत होईल अशी आशा धरू नये. सॅकरिन आणि ॲसेसल्फेम-के जिभेवरच्या काही कडू चवीच्या ग्राहींनाही जागं करतात, आणि हे ग्राही जनुकांप्रमाणे माणसागणिक बदलतात. एकाला जे गोड, तेच शेजारी बसलेल्याला खरोखरच कडू लागतं. तो नखरे करत नसतो. सवयीची गोडी बदलणंही महागात पडतं, ते डाएट पेप्सीने अनुभवलं. २०१५ मध्ये अमेरिकेत तिच्यातलं अस्पार्टेम काढून सुक्रालोज घातलं गेलं, तर नेहमीचे पिणारे नाराज झाले आणि पुढच्याच वर्षी अस्पार्टेमवाली चव पुन्हा विक्रीला आली. सुक्रालोजच्या शोधात एक मराठी आडनाव आहे, हे जाता जाता सांगायला हवं. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस यांना एक संयुग तपासायला सांगितलं होतं; चाखायला सांगितलंय असं समजून त्यांनी ते जिभेवर ठेवलं.

आता निरनिराळ्या स्वादांविषयी. लिंबू आणि संत्रं रेंगाळणाऱ्या गोडीला आंबटपणाने कापतात, म्हणून तिथे खोट लवकर कळत नाही. आल्याचा झणका आणि चेरीचा दाट वासही बरंच झाकतात. १९५२ मध्ये ब्रुकलिनच्या हायमन कर्श यांनी मधुमेही रुग्णांसाठी 'नो-कॅल' काढलं, त्याच्या सुरुवातीच्या चवींत जिंजर एल आणि ब्लॅक चेरी होत्या, याचं मला नवल वाटत नाही. खरी परीक्षा व्हॅनिलाची. तिथे लपायला जागाच नसते. आंब्याचं काय? २०१८ मध्ये अमेरिकेत डाएट कोकचा 'ट्विस्टेड मँगो' निघाला होता. हापूसवर वाढलेल्या जिभेने असल्या सोड्याचं परीक्षकपद घेऊच नये.

चाखताना सगळे कॅन एकाच फ्रीजमधले, नुकतेच उघडलेले असावेत. थंडीने गोडी दबते आणि फसफस गेली की ती उघडी पडते, त्यामुळे आधी ओतून ठेवलेला कप विनाकारण बदनाम होतो. मध्ये साध्या पाण्याने चूळ भरावी, चिवडा-लोणचं नंतर. कपांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेवावा. दोन छापांतला फरक कळतो अशी पैज कोणी मारलीच, तर तीन कप द्यावेत, दोन सारखे आणि एक वेगळा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा उत्तर बरोबर येतं, तेव्हा एकदा जिंकला म्हणून मानू नये. आणि डाएट कोक साध्या कोकसारखा लागत नाही म्हणून गुण कापू नयेत. १९८२ मध्ये तो वेगळ्या कृतीनेच निघाला. साध्या कोकच्या चवीजवळ जाण्यासाठी २००५ मध्ये कोक झीरो आला.

लेबल वाचणं टाळू नये. फेनिलकीटोन्यूरिया हा आनुवंशिक विकार असलेल्यांना अस्पार्टेम वर्ज्य आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, तर तज्ज्ञांच्या दुसऱ्या समितीने दिवसाला किलोमागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला ९ ते १४ कॅन लागतील, असा हिशोब तेव्हाच दिला गेला. चाखणीच्या घोटांना घाबरायला नको. मात्र त्याच वर्षी संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशी गोडी वापरू नये असाही सल्ला दिला, तो रोजच्या सवयीला लागू पडतो.

वेळ शक्यतो सकाळची ठेवावी. अमेरिकेतल्या ३५५ मिलिलिटरच्या डाएट कोकमध्ये ४६ मिलिग्रॅम कॅफीन असतं, साध्या कोकमध्ये ३४. संध्याकाळीच बसायचं असेल तर कोला वगळून फळांच्या चवी घ्याव्यात. पण त्यांचेही डबे उलटून बघावेत. तिथल्या सनकिस्टच्या ऑरेंज सोड्यातही कॅफीन असतं.