बुंध्याच्या गांठी व जंतूचें खाद्यद्वार

पीच, बदाम, गुलाब इत्यादि झाडांच्या बुंध्याशीं जमिनीलगत ज्या ओबडधोबड गांठी येतात, त्यांस क्राउन गॉल म्हणतात. ॲग्रोबॅक्टेरियम नांवाचा मातींतील जंतु जखमेच्या वाटेनें झाडास भिडतो व आपल्या आनुवंशिक द्रव्याचा तुकडा झाडाच्या पेशींत घालतो. मग त्या पेशी अनावर वाढतात, आणि कांहीं जातींच्या बाबतींत ॲग्रोसिनोपीन नामक शर्करायुक्त पदार्थ तयार करूं लागतात. हा पदार्थ झाडाच्या कामाचा नाहीं. तें जंतूचें अन्न. जमीन एकाची, राबणूक दुसऱ्याची, आणि वसूल तिसऱ्याच्या घरीं! महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हा प्रकार समजावयास वेळ लागला नाहीं.

आतां हें अन्न जंतु आंत घेतो कसें? त्याच्या आवरणांत या पदार्थापुरतें एक वाहक द्वार असतें. परंतु अन्न नसतां द्वारें बांधणें हा व्यर्थ खर्च. म्हणून एक प्रथिन त्या जनुकांवर पहारा देत बसतें. ॲग्रोसिनोपीनाचा तुटलेला भाग येऊन त्यास चिकटला, कीं तें बाजूस होतें व द्वारें भराभर तयार होतात. आंतड्यांतील एशेरिशिया कोलाय हा जंतुहि न्यूक्लिओसाइडांच्या द्वारांवर असाच पहारा ठेवतो. तेथें सायटिडीन पहारेकऱ्यास हटवितें.

याच द्वारानें गांठीच्या जंतूचा घात करतां येतो. ॲडलेड येथील ॲलन केर यांनीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील मातींतून के-८४ हा त्याच कुळांतील निरुपद्रवी जंतु निवडला; १९७२ सालीं त्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. तो ॲग्रोसिन-८४ नामक विष सोडतो. हें विष न्यूक्लिओटाइडासारखें असून त्यास जोडलेला शर्करेचा भाग ॲग्रोसिनोपीनाचें सोंग घेतो. द्वार फसतें. आंत गेल्यावर विष कापलें जातें, व त्याचा मारक भाग ल्यूसीन प्रथिनांत जोडण्याचें काम बंद पाडतो. के-८४ स्वतः मरत नाहीं, कारण त्याजजवळ या विषास न बधणारें दुसरें विकर आहे.

लागवडीपूर्वीं रोपांचीं मुळें या जंतूच्या पाण्यांत बुडवावयाचीं, इतकीच कृति. एक भय होतें: के-८४चीं हीं जनुकें रोगजंतूकडे गेलीं तर तोहि विषास दाद देणार नाहीं. म्हणून १९८०च्या दशकांत जनुकें पुढें देण्याचा भाग कापून के-१०२६ तयार केला गेला. आलेली गांठ मात्र दोहोंपैकीं कोणीहि बरी करीत नाहीं. विक्रेता हें सांगो न सांगो, आपण ध्यानांत ठेवावें. द्राक्षवेलीवरील बहुतेक गांठजंतु या विषास बळी पडत नाहींत. तेथें निरोगी कलम पारखून घेण्यावांचून गत्यंतर नाहीं.