बदलत्या काळातील नभोवाणी

प्रास्ताविक
भ्रमणध्वनी आणि इंटरनेट यांच्या युगात स्थानिक नभोवाणी कशी टिकून राहते, हे आपण या पाठात चेन्नई शहराच्या उदाहरणावरून पाहणार आहोत.

मूळ पाठ
चेन्नईचे, म्हणजे पूर्वीच्या मद्रासचे, नभोवाणीशी नाते जुने आहे. १९२४ साली सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने तेथे हौशी मंडळींनी ‘मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब’ स्थापन केला. पैशाअभावी तो १९२७ मध्ये बंद पडला. परंतु त्याचे प्रक्षेपक यंत्र महानगरपालिकेने घेतले आणि १९३० पासून कार्यक्रम सुरू केले. त्या काळी घरोघरी रेडिओ नव्हते, म्हणून मरीना किनाऱ्यावर ध्वनिवर्धक बसवण्यात आले. जेथे श्रोता, तेथे नभोवाणी, हे सूत्र तेव्हापासूनचे आहे.

१९३८ मध्ये मद्रासला ऑल इंडिया रेडिओचे केंद्र सुरू झाले. १९७७ साली याच शहरातून भारतातील पहिले एफ.एम. प्रसारण झाले आणि आवाज अधिक सुस्पष्ट ऐकू येऊ लागला. १ फेब्रुवारी २००४ रोजी अण्णा विद्यापीठात ‘अण्णा एफ.एम.’ हे देशातील पहिले विद्यापीठीय सामुदायिक केंद्र सुरू झाले. अशा केंद्राचा आवाज काही किलोमीटरच पोहोचतो. पण परिसरातील माणसे तेथे केवळ श्रोते राहत नाहीत, वक्तेही होतात.

डिजिटल तंत्राने ही मर्यादा ओलांडली. आकाशवाणीचे कार्यक्रम आता भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपमधूनही ऐकता येतात. चेन्नईचा माणूस मुंबईत राहूनही आपल्या गावची भाषा ऐकू शकतो. झिजणाऱ्या ध्वनिफितींवरील जुने संगीत संगणकात जतन करता येते.

मात्र या सोयीसाठी इंटरनेट आणि त्याचा खर्च परवडणे आवश्यक असते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईच्या अनेक भागांत वीज गेली, भ्रमणध्वनी सेवा कोलमडली. अशा वेळी केंद्राचे प्रक्षेपण सुरू असेल, तर बॅटरीवर चालणारा साधा रेडिओ सूचना ऐकवू शकतो. म्हणून नवी वाट जरूर खुली करावी. पण जुनी बंद करू नये. अन्यथा ज्याला माहितीची सर्वाधिक गरज आहे, तोच तिच्यापासून वंचित राहील.

शब्दार्थ
प्रक्षेपक यंत्र – रेडिओलहरी दूरवर पाठवणारे यंत्र
वंचित – एखाद्या गोष्टीला मुकलेला

पाठगत प्रश्न
१. मरीना किनाऱ्यावर ध्वनिवर्धक का बसवण्यात आले?
२. ‘नवी वाट खुली करावी, पण जुनी बंद करू नये,’ या विधानाबाबत आपले मत पाच ओळींत लिहा.