इंजिन परदेशी की देशी? : कागल परिसराच्या अनुषंगाने

नवी मोटार दारात उभी राहिली की पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा बहुधा इंजिनाचा. इंजिन बाहेरचे की आपल्याकडचे? कागलमध्ये हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावरील या शहरालगत कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. तेथे डिझेल इंजिनांचा मोठा कारखाना आहे, आणि कोल्हापूर परिसरातील फौंड्र्यांत वाहनांच्या इंजिनांचे ओतीव भाग तयार होतात. ज्या घरांची चूल या कामावर पेटते, त्यांच्या दृष्टीने उत्तर नेमके असणे अगत्याचे आहे.

वस्तुतः हा एक प्रश्न नसून तीन प्रश्न आहेत. इंजिनाचा आराखडा कोणाचा? त्याचे भाग कोठे घडले? आणि ते जुळवले कोठे? या तिन्हींची उत्तरे एकच असतील असे नाही.

याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आढळते. फियाट कंपनीचे १,२४८ घन सेंटिमीटर क्षमतेचे डिझेल इंजिन मूळ इटलीचे. परंतु ते पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे आणि हरियाणातील मानेसर येथे तयार होत असे. फियाटबरोबरच मारुती व टाटा यांच्या मोटारींतही ते बसवले गेले. अनेक कंपन्यांच्या गाड्यांत तेच असल्याने लोक त्याला कौतुकाने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले. २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे निकष लागू झाल्यावर मोटारींतील त्याचा वापर संपुष्टात आला. आराखडा परका, पण निर्मिती व रोजगार येथला, असे हे इंजिन होते.

येथवरचा प्रवास सोपा नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली, तेव्हा भाग पेट्यांतून येत आणि येथे ते केवळ जोडले जात. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि मुंबईच्या कुर्ला भागात तिचा कारखाना उभा राहिला. पुढे १९५३ मध्ये केंद्र शासनाने असे धोरण ठरवले की, ज्यांच्याकडे देशात टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी जुळणीचे काम थांबवावे. परदेशी जुळणीदार निघून गेले. जे राहिले त्यांना देशात भाग घडवणारे कारागीर व लघुउद्योजक शोधावे लागले.

जुळणी आणि निर्मिती यांतील हा भेद कायद्यानेही मानला आहे. सुट्या भागांच्या रूपात आणलेल्या मोटारीवर सीमाशुल्क कमी असते. तथापि, २०११ च्या अर्थसंकल्पाने स्पष्ट केले की, इंजिन वा गिअरबॉक्स आधीच जुळवून आणला असेल तर सर्वांत कमी दराची सवलत मिळणार नाही. गाडी येथे जोडली एवढ्यावरून तिचे इंजिन येथले ठरत नाही, हेच त्यामागील तत्त्व होय.

मग सामान्य ग्राहकाने ओळखावे कसे? नोंदणी पुस्तिकेत चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक असे दोन क्रमांक असतात. चॅसिस क्रमांकाची पहिली अक्षरे वाहनाच्या निर्मात्याची ओळख सांगतात; भारतात बनलेल्या बहुतेक मोटारींचा हा क्रमांक ‘एम’ने सुरू होतो. परंतु ती ओळख वाहनाची, इंजिनाची नव्हे. इंजिन क्रमांकाची पद्धत प्रत्येक कंपनीची निराळी असते. म्हणून विक्रेत्याला ‘इंजिन देशी आहे का’ असे मोघम न विचारता, ते कोणत्या कारखान्यात तयार झाले आणि त्याचे भाग येथे मिळतात का, हे विचारावे. कार्यालयासाठी वाहन घेणाऱ्या अधिकाऱ्यांनीही हीच दक्षता घ्यावी. कारण एका भागासाठी महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी जनतेच्या कामी येत नाही.

कोल्हापूरला इंजिनाची ओळख मोटारीमुळे झाली नाही. ती शेतीमुळे झाली. विहिरीवरचा पंप आणि गुऱ्हाळावरचा चरक चालवणारी ऑईल इंजिने येथील मिस्त्रींनी दुरुस्त केली आणि दुरुस्त करता करता घडवली. वीज खेड्यापर्यंत पोहोचली तशी त्या इंजिनांची मागणी ओसरली. परंतु साचा बांधण्याचे, लोखंड ओतण्याचे आणि लेथवर अचूक माप साधण्याचे कसब हातात राहिले. त्याच कसबावर वाहनांच्या सुट्या भागांचा उद्योग उभा राहिला.

आज पुन्हा तशीच वेळ आली आहे. विजेवर धावणाऱ्या मोटारीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, पिस्टनही लागत नाही. उद्या प्रश्न इंजिन देशी की परदेशी हा राहणार नाही. मोटर, बॅटरी आणि त्यांचे नियंत्रक कोठे घडतात हा राहील. ट्रॅक्टर, पंप, जनित्रे आणि ब्रेकचे भाग यांची मागणी एका दिवसात संपणार नाही, हे खरे. पण मिळालेला अवधी वाया घालवणे परवडणारे नाही.

यास्तव शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एकदा तरी फौंड्री दाखवावी आणि प्रत्येक भाग कोठून आला हे विचारण्याची सवय त्यांना लावावी. पंचायत सदस्यांनी आपल्या भागातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कोणते नवे अभ्यासक्रम आहेत याची चौकशी करावी. वस्तूवर नाव कोणाचेही असो. ती घडवणारा हात आपल्या गावचा राहिला पाहिजे.