प्लॅस्टिकचा धूर : परिसर अभ्यासातील एका पाठाची पूर्वतयारी

प्लॅस्टिकचे दुष्परिणाम हा विषय शिकविताना बहुतेक वर्गांत तुंबलेली गटारे आणि समुद्रातील कासवे यांचीच उदाहरणे दिली जातात. ती खोटी नव्हेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळी पाण्याच्या वाटा अडविणाऱ्या गोष्टींत पातळ पिशव्याही होत्या. तथापि खेड्यातील मुलाला समुद्र दूर आणि मुंबईही दूर. त्याच्या नित्य परिचयाचे दृश्य निराळे आहे. सकाळी शाळेचे आवार झाडले जाते, पालापाचोळ्याबरोबर बिस्किटांच्या व चिवड्याच्या पुड्यांची वेष्टने एका कोपऱ्यात लोटली जातात, आणि त्या ढिगाला काडी लावली जाते. आवार स्वच्छ दिसते. धूर मात्र परिपाठाच्या रांगांवरून जातो. पाठाचा आरंभ ह्या ढिगापासून करावा.

प्लॅस्टिक हा एकच पदार्थ नव्हे, हे शिक्षकाने प्रथम ध्यानी घ्यावे. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते. हा पदार्थ १९३३ साली इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांच्या हाती योगायोगाने लागला. त्यात केवळ कार्बन व हायड्रोजन असल्यामुळे भरपूर हवा व उष्णता मिळाल्यास त्याचे पूर्ण ज्वलन होऊ शकते. परंतु उघड्यावरील ढिगात तशी हवा मिळत नाही. पिशवी आक्रसते, वितळते, थेंब गाळीत धुमसत राहते. त्यातून काजळी व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू बाहेर पडतो.

पीव्हीसीची गोष्ट याहून वाईट. पाण्याचे नळ, विजेच्या तारेवरील आवरण व फ्लेक्सचे फलक यांत हा पदार्थ असतो. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो. तो जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, आणि डोळे, नाक व घसा यांतील ओलाव्यात मिसळून त्याचे आम्ल बनते. मंद व अपुऱ्या ज्वलनात याच क्लोरीनपासून डायॉक्सिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती गवतावर बसतात, जनावरांच्या पोटात जातात, दुधाच्या स्निग्धांशातून माणसाच्या शरीरात येतात आणि चरबीत साठून राहतात. त्यांचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे ७ ते ११ वर्षे लागतात. त्यांतील सर्वांत विषारी डायॉक्सिन माणसात कर्करोग निर्माण करते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली दिला. (प्लॅस्टिकमुक्तीच्या प्रभातफेरीतील फलकही पुष्कळदा फ्लेक्सचाच असतो. निदान तो फलक तरी कापडाचा असावा.)

वजनाच्या मानाने मूल प्रौढ माणसापेक्षा अधिक हवा श्वासाबरोबर घेते. म्हणून कचरा जाळण्याचे काम मुलांकडे कदापि देऊ नये. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली, हे खरे. पण नियम नसता तरीही हा धूर तितकाच अपायकारक ठरला असता.

आता चुलीकडे वळावे. रॉकेल दुर्मिळ झाल्यापासून, विशेषतः पावसाळ्यात ओली लाकडे पेट घेत नाहीत तेव्हा, पिशवीचा तुकडा लावून चूल पेटविण्याची रीत पुष्कळ घरांत पडली आहे. काही ठिकाणी शालेय पोषण आहाराची चूलही अशीच पेटते. हा विषय शिक्षकाने हळुवारपणे हाताळावा. मुलाने घरी जाऊन आईला दोष द्यावा, असे शिकवू नये; तिची अडचण खरी आहे. त्यापेक्षा वाळक्या काटक्या, नारळाची शेंडी व गोवरीचे तुकडे पावसापूर्वी कोरड्या जागी भरून ठेवण्याचे काम मुलांनी अंगावर घ्यावे. शाळेच्या स्वयंपाकघरापासून त्याचा प्रारंभ करता येईल.

न जाळता उकिरड्यावर टाकलेली पिशवीही निरुपद्रवी नसते. उष्टे अन्न भरून फेकलेली पिशवी गाय तशीच गिळते. ती पचत नाही, रवंथातून परत वर येत नाही व पुढेही सरकत नाही. पोटात गोळा साचत जातो आणि पोट भरलेले असूनही जनावर खंगते. उकिरड्यातील उरलेले तुकडे शेणखताबरोबर शेतात जातात. भाजीपाल्याच्या शेतात मल्चिंगचा पातळ कागदही उन्हाने फाटून मातीत मिसळतो. पाच मिलिमीटरहून लहान अशा कणांना सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. ते माणसाच्या रक्तातही आढळल्याचे संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. शरीरावर त्यांचा नेमका परिणाम कोणता, याचा शोध चालू आहे, तेव्हा वर्गात याविषयी अतिशयोक्ती करू नये.

प्रयोगाकरिता जूनमध्ये शाळा उघडताच हातभर खोल खड्डा घ्यावा. त्यात आंब्याचे पान, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी, दुधाची पिशवी व पुड्याचे वेष्टन पुरून वर खूण करावी. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी खड्डा मुलांसमक्ष उकरावा. कागद ओळखू येणार नाही, चिंधी हाती धरताच तुटेल. वेष्टनावरील किंमत मात्र बहुधा वाचता येईल.

या वेळी एखादे मूल विचारीलच : जाळायचे नाही, पुरायचे नाही, मग करायचे काय? उत्तर सरळ द्यावे. दुधाच्या पिशव्या व बाटल्या धुऊन वाळविल्यास भंगारवाला घेतो. चकचकीत वेष्टन तो घेत नाही, कारण त्यात प्लॅस्टिकच्या थरांना अॅल्युमिनियमचा थर चिकटलेला असतो व ते वेगळे करणे परवडत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये व देशभर १ जुलै २०२२ पासून ज्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत ही वेष्टने नव्हती. ती कोरडी ठेवून पोत्यात भरावीत व ग्रामपंचायतीच्या कचरा संकलनात द्यावीत. देण्यापूर्वी पाचवीच्या मुलांकडून ती मोजून घ्यावीत, महिन्याचा आकडा फळ्यावर लिहावा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत तो पालकांपुढे ठेवावा.